गूगल क्लाउडच्या मुंबई केंद्रात आरएनए-सीकचा रन: चार फायलींपासून रिकाम्या बकेटपर्यंत

आरएनए-सीकचे, म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत हे आरएनए वाचून मोजणाऱ्या पद्धतीचे, आठ नमुने हाताशी आहेत, प्रयोगशाळेतल्या सर्वांत चांगल्या संगणकाला १६ जीबी मेमरी आहे आणि मानवी जीनोमवर 'स्टार' हा ॲलाइनर (वाचलेले तुकडे जीनोमवर जुळवणारा प्रोग्राम) चालवायचा तर एकट्या त्यालाच ३० जीबींहून अधिक मेमरी लागते. अशा कोंडीत सापडलेले विद्यार्थी आणि संशोधक सहसा क्लाउडकडे वळतात. तेथे मेमरीचा प्रश्न खरोखरच सुटतो, पण त्याच्या जागी दुसरे प्रश्न उभे राहतात. डेटा कोणत्या शहरातल्या डिस्कवर ठेवायचा, एखादे मशीन काम अर्धवट असताना काढून घेतले गेले तर काय करायचे, कोणत्या टप्प्याला किती मेमरी द्यायची आणि काम संपल्यावर मागे उरलेल्या फायलींचे भाडे किती दिवस भरत राहायचे, हे सारे आपल्यालाच ठरवावे लागते. माझा अनुभव असा, की क्लाउडवरच्या रनचे बरेवाईट तो सुरू करण्याआधीच ठरून गेलेले असते. म्हणून या लेखाचा बराचसा भाग रनआधी लिहून ठेवायच्या चार फायलींना दिला आहे: नमुन्यांची यादी, पॅरामीटर फाइल, कॉन्फिग फाइल आणि रन सुरू करणारी छोटी शेल स्क्रिप्ट.

साधने तीन आहेत. बार्सिलोनाच्या जीनोम नियमन केंद्रात २०१३ साली जन्मलेले नेक्स्टफ्लो हे कामांचा क्रम सांभाळते. २०१८ पासून चालू असलेल्या एनएफ-कोअर या समुदायाने तयार केलेली 'आरएनएसीक' पाइपलाइन प्रत्यक्ष विश्लेषणाचे टप्पे पुरवते. आणि गूगल क्लाउडची 'बॅच' ही सेवा प्रत्येक टप्प्यासाठी मशीन उभे करून काम झाल्यावर ते बंद करते. ॲमेझॉनच्या बॅच सेवेवर हेच काम तितकेच चांगले होते, पण तेथे संगणन-परिसर, जॉबची रांग आणि मशीनची प्रतिमा आधी आपल्या हाताने तयार करावी लागते. पहिल्यांदा शिकणाऱ्यासाठी गूगलचा रस्ता मला अधिक सरळ वाटतो. इंटरनेटवरच्या जुन्या मार्गदर्शिकांत गूगलच्या 'लाइफ सायन्सेस' सेवेचा उल्लेख दिसला, तर ती मार्गदर्शिका बाजूला ठेवावी, कारण ती सेवा जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली.

आज्ञा आणि सेटिंगांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, अधिकृत दस्तऐवजात असतील तशीच टंकावी लागतात.

सरावासाठी कोणता डेटा घ्यावा

स्वतःच्या नमुन्यांवर पहिला रन करू नये. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा डेटा घ्यावा, म्हणजे निकाल चुकला तर तो आपल्या मांडणीमुळे चुकला हे कळते. यासाठी श्वासनलिकेच्या गुळगुळीत स्नायुपेशींचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला डेटा फार उपयोगी आहे. त्यात चार व्यक्तींच्या पेशी घेऊन प्रत्येकीचा एक भाग १८ तास डेक्सामेथासोनमध्ये ठेवला होता आणि दुसरा तसाच ठेवला होता. असे आठ नमुने मिळतात. सार्वजनिक संग्रहात त्यांचे क्रमांक एसआरआर१०३९५०८ आणि ५०९, ५१२ आणि ५१३, ५१६ आणि ५१७, ५२० आणि ५२१ असे जोडीजोडीने आहेत. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असल्यामुळे एफकेबीपी५, डीयूएसपी१ आणि क्रिस्प्लडी२ या जनुकांची अभिव्यक्ती औषध दिलेल्या नमुन्यांत वाढलेली दिसायला हवी. शेवटी आपण नेमके हेच तपासणार आहोत.

प्रकल्प, बकेट आणि जागेची निवड

गूगल क्लाउडमध्ये या कामासाठी स्वतंत्र प्रकल्प उघडावा. खर्च वेगळा दिसतो आणि काम संपल्यावर संपूर्ण प्रकल्प बंद करून टाकता येतो. त्या प्रकल्पात बॅच, कॉम्प्युट इंजिन, क्लाउड स्टोरेज आणि लॉगिंग या चार सेवांचे एपीआय सुरू करावे लागतात. लगेच बिलिंगच्या पानावर जाऊन अंदाजपत्रकाची मर्यादा आणि तिचा इशारा लावून घ्यावा. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: हा इशारा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. मर्यादा ओलांडली म्हणून मशीन आपोआप बंद होतील या समजुतीत अनेकांनी मोठी बिले भरली आहेत.

पुणे, मुंबई, नागपूर किंवा पणजीहून काम करणाऱ्याने मुंबईचे केंद्र, म्हणजे 'एशिया-साउथ१', निवडणे सोयीचे असते. दिल्लीचे 'एशिया-साउथ२' हेही चालते. मोठ्या फायली चढवताना अंतराचा फरक पडतो, पण त्याहून महत्त्वाचा नियम असा, की बकेट (क्लाउडवरची फायली साठवण्याची जागा) आणि मशीन एकाच केंद्रात असली पाहिजेत. बकेट अमेरिकेत आणि मशीन मुंबईत अशी मांडणी झाली, तर प्रत्येक टप्प्याला शेकडो जीबी समुद्रापलीकडून ये-जा करतात, त्या प्रत्येक फेरीचे पैसे लागतात आणि रनही रेंगाळतो. बकेट तयार करताना समोर येणारा 'मल्टी-रीजन' हा पर्याय येथे घेऊ नये. नमुने रुग्णांचे असतील, तर जागेचा प्रश्न निव्वळ पैशांचा राहत नाही. संमतीपत्रात आणि संस्थेच्या नीतिसमितीच्या मंजुरीत डेटा कोठे ठेवला जाईल याबद्दल काय लिहिले आहे, ते आधी वाचावे आणि समितीला विचारल्याशिवाय एकही फाइल चढवू नये.

बकेट दोन कराव्यात. एक 'काम' बकेट, जिच्यात नेक्स्टफ्लो प्रत्येक टप्प्याच्या मधल्या फायली टाकत राहील. दुसरी 'निकाल' बकेट, जिच्यात मूळ फास्टक्यू (वाचलेल्या तुकड्यांच्या, म्हणजे 'रीड'च्या, फायली), संदर्भ जीनोम आणि अंतिम निकाल असतील. दोन्हींचा साठवण-वर्ग 'स्टँडर्ड' असावा. 'नियरलाइन' स्वस्त दिसतो, पण त्यात ठेवलेल्या फाइलचे किमान ३० दिवसांचे भाडे लागतेच. मधल्या फायली काही दिवसांत पुसायच्या असल्यामुळे ती स्वस्ताई उलटते. काम बकेटवर १४ दिवसांहून जुन्या फायली आपोआप पुसण्याचा नियम लावावा. तो निकाल बकेटवर चुकूनही लागू नये यासाठीच तर दोन बकेट केल्या आहेत. आणखी एक जागा पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नव्या बकेटवर 'सॉफ्ट डिलीट' ही सोय मुळातच चालू असते आणि पुसलेली फाइल ती सात दिवस जपून ठेवते. त्या सात दिवसांचे भाडे आपण भरतो. काम बकेटवर ही मुदत शून्य करावी. निकाल बकेटवर मात्र ती राहू द्यावी, तिथे ती आधार आहे.

परवानग्या आणि कोटा

नेक्स्टफ्लोसाठी वेगळे सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी प्रोग्रामने वापरायचे खाते) तयार करून त्याला बॅच जॉब एडिटर, बॅच एजंट रिपोर्टर, सर्व्हिस अकाउंट यूझर, लॉग्ज रायटर आणि स्टोरेज ऑब्जेक्ट ॲडमिन या भूमिका द्याव्यात. घाईत 'ओनर' ही सर्वाधिकारी भूमिका देऊन तिची किल्ली जेसन फाइलमध्ये उतरवून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. ती किल्ली गिटमध्ये गेली, तर संपूर्ण प्रकल्प परक्याच्या हाती जातो. किल्ली उतरवण्याची गरजच नाही. पुढे ज्या मशीनवरून रन सुरू करणार आहोत, त्यालाच हे अकाउंट जोडता येते.

नव्या प्रकल्पाला एका केंद्रात वापरता येणाऱ्या सीपीयूंची संख्या मर्यादित असते. कोट्याच्या पानावर मुंबई केंद्रासाठीचा आकडा पाहून घ्यावा. पाइपलाइनचे जड टप्पे मुळात प्रत्येकी १२ सीपीयू मागतात. आठ नमुने एकाच वेळी ॲलाइन व्हायचे तर ९६ लागतील. कोटा २४ असेल तरी रन अडणार नाही, कामे दोन-दोन करून पुढे सरकतील. पण रांगेत उभी असलेली कामे पाहून काहीतरी बिघडले असे समजून रन मध्येच मारू नये. वाढीव कोट्याचा अर्ज रनच्या काही दिवस आधी करावा.

रन कोठून सुरू करायचा

नेक्स्टफ्लोची मुख्य प्रक्रिया रन संपेपर्यंत जिवंत राहावी लागते. तीच प्रत्येक टप्पा पाठवते आणि पुरा झाला की पुढचा पाठवते. लॅपटॉप झोपला, वीज गेली किंवा इंटरनेट तुटले, की सूत्रधारच नाहीसा होतो, आणि त्याने पाठवलेली कामे मात्र क्लाउडवर चालत राहून पैसे खात राहू शकतात. त्यामुळे मुंबई केंद्रातच दोन सीपीयू आणि आठ जीबी मेमरीचे एक साधे मशीन घ्यावे, त्यावर जावा १७ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि नेक्स्टफ्लो बसवावे, आणि 'टीमक्स'च्या सत्रात रन सुरू करावा, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी सत्र चालू राहते. या मशीनवर कोणतेही जड गणित होत नाही, त्यामुळे ते मोठे घेण्यात अर्थ नाही.

त्या मशीनवर प्रत्येक विश्लेषणासाठी एक स्वतंत्र फोल्डर करावा आणि चारही फायली तेथेच ठेवाव्यात. कोणता टप्पा पूर्ण झाला याची नोंद नेक्स्टफ्लो त्याच फोल्डरातल्या एका लपलेल्या उपफोल्डरात ठेवते. निकाल आणि मधल्या फायली बकेटमध्ये असल्या तरी ही नोंद स्थानिक असते, म्हणून अडलेला रन पुढे चालवायचा तर तो त्याच फोल्डरातून चालवावा लागतो.

पहिली फाइल: नमुन्यांची यादी

सार्वजनिक डेटा उतरवण्यासाठी एनएफ-कोअरचीच 'फेचएनजीएस' ही पाइपलाइन वापरावी. आठ क्रमांक एकाखाली एक लिहिलेली फाइल तिला दिली, की ती फास्टक्यू उतरवून निकाल बकेटमध्ये ठेवते आणि 'आरएनएसीक'ला चालेल अशी यादीही तयार करून देते. स्वतःचे नमुने असतील तर ते चढवण्याआधी सीक्वेन्सिंग केंद्राने दिलेल्या एमडी५ बेरजा (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणाऱ्या खुणा) जुळवाव्यात आणि प्रत्येक जीझिप फाइल शेवटपर्यंत उघडते का ते पाहावे. अर्धवट उतरलेली फाइल रनच्या तिसऱ्या तासाला सापडण्यापेक्षा आज सापडलेली बरी.

यादी म्हणजे साधी सीएसव्ही फाइल. तिच्यात चार रकाने लागतात: नमुन्याचे नाव, पहिल्या फास्टक्यूचा बकेटमधला पूर्ण पत्ता, दुसऱ्याचा पत्ता आणि स्ट्रँडची माहिती, म्हणजे रीड डीएनएच्या कोणत्या धाग्यावरून आले हे नमुना तयार करणाऱ्या किटने जपले आहे का ते. शेवटच्या रकान्यात 'ऑटो' लिहिले, तर पाइपलाइन प्रत्येक नमुन्यातले दहा लाख रीड घेऊन 'सामन' या जनुकांची अभिव्यक्ती मोजणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने स्वतःच अंदाज करते. प्रयोगशाळेने किटचे नाव सांगितले असले तरी मी 'ऑटो'च ठेवते आणि आलेले उत्तर किटशी जुळते का ते नंतर पाहते.

नावांच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. एकच नाव दोन ओळींत आले, तर पाइपलाइन त्या दोन ओळी म्हणजे एकाच नमुन्याच्या दोन लेन (सीक्वेन्सिंग यंत्रातल्या वेगवेगळ्या मार्गिकांवर वाचलेले भाग) असे मानते आणि त्यांच्या फास्टक्यू एकत्र जोडते. लेनसाठी ही सोय उत्तम आहे. पण आमच्या एका कामात नावे कॉपी करताना उपचारित आणि अनुपचारित नमुन्याला एकच नाव पडले. रन कोणतीही तक्रार न करता पूर्ण झाला आणि आठाऐवजी सात रकान्यांचा तक्ता हाती आला. तो तक्ता उघडून रकाने मोजले नसते, तर दोन भिन्न अवस्थांचे मिश्रण एक नमुना म्हणून पुढच्या विश्लेषणात गेले असते. तेव्हापासून यादीतली अद्वितीय नावे मोजल्याशिवाय मी रन सुरू करत नाही.

दुसरी फाइल: पॅरामीटर

जीवशास्त्राशी संबंधित सर्व निर्णय एका यॅमल फाइलमध्ये लिहावेत: नमुन्यांच्या यादीचा पत्ता, निकालाचा पत्ता, जीनोमचा क्रम असलेली फास्टा फाइल, जनुकांच्या जागा सांगणारी जीटीएफ फाइल, ॲलाइनर म्हणून 'स्टार-सामन', आणि जीनोमवरून ॲलाइनरसाठी बांधलेली अनुक्रमणिका (इंडेक्स) जपून ठेवण्याचा 'सेव्ह रेफरन्स' हा पर्याय.

'जीनोम' या एका पॅरामीटरला 'जीआरसीएच३८' असे छोटे नाव देऊनही काम होते आणि बहुतेक नवशिके तेच करतात. तसे करू नये. त्या नावामागे 'आयजीनोम्स' हा जुना संच आहे; त्यातली जनुकांची माहिती जुनी आहे, आणि तो ॲमेझॉनच्या आयर्लंड केंद्रात ठेवलेला असल्यामुळे मुंबईतले प्रत्येक मशीन तो तिथून ओढत बसते. त्याऐवजी एन्सेम्बलच्या एकाच आवृत्तीतून फास्टा आणि जीटीएफ दोन्ही उतरवून निकाल बकेटमध्ये ठेवावेत. फास्टा 'प्रायमरी असेंब्ली' प्रकारची घ्यावी. 'टॉपलेव्हल' प्रकारात पर्यायी हॅप्लोटाइपांचे (जीनोमच्या त्याच भागाच्या वेगळ्या रूपांचे) तुकडेही असतात, त्यामुळे स्टारची मेमरीची भूक विनाकारण फुगते आणि रीड अनेक ठिकाणी जुळू लागतात. फास्टा एका ठिकाणची आणि जीटीएफ दुसऱ्या ठिकाणची, असेही कधी करू नये. एन्सेम्बलमध्ये पहिल्या गुणसूत्राचे नाव नुसते '१' असते, तर जेनकोड आणि यूसीएससीमध्ये त्याआधी 'सीएचआर' लागते. ही नावे जुळली नाहीत, तर जनुके आणि जीनोम एकमेकांना ओळखतच नाहीत.

अनुक्रमणिका पहिल्या रनमध्ये एकदाच बांधावी. पुढच्या रनच्या पॅरामीटर फाइलमध्ये तिचाच पत्ता दिला, की तो खर्चिक टप्पा टळतो.

तिसरी फाइल: कॉन्फिग

येथे यंत्रांविषयीचे निर्णय लिहायचे. पाइपलाइनचे पॅरामीटर या फाइलमध्ये मिसळू नयेत. एनएफ-कोअरच्या दस्तऐवजातही तशी स्पष्ट सूचना आहे, कारण कोणते मूल्य कोणावर मात करेल याचा गोंधळ होतो.

सुरुवातीच्या ओळी सोप्या आहेत. 'प्रोसेस' गटात एक्झिक्युटर (कामे कोठे चालवायची ते ठरवणारी सेटिंग) म्हणून 'गूगल-बॅच', कामाचा फोल्डर म्हणून काम बकेटचा पत्ता, 'गूगल' गटात प्रकल्पाचे नाव व 'एशिया-साउथ१' हे स्थान, आणि त्याच्या 'बॅच' उपगटात सर्व्हिस अकाउंटचा पत्ता. त्याबरोबर 'रिसोर्स लेबल्स' वापरून प्रत्येक कामावर विश्लेषणाचे नाव चिकटवावे, म्हणजे महिन्याच्या बिलात कोणत्या विश्लेषणाला किती पैसे लागले ते वेगळे दिसते.

खरा विचार मेमरीचा करायचा असतो. एनएफ-कोअरच्या पाइपलाइनमध्ये प्रत्येक टप्प्याला एक वर्ग दिलेला असतो: हलक्या टप्प्याला २ सीपीयू आणि १२ जीबी, मध्यम टप्प्याला ६ सीपीयू आणि ३६ जीबी, जड टप्प्याला १२ सीपीयू आणि ७२ जीबी. टप्पा मेमरीअभावी पडला, तर दुसऱ्या प्रयत्नात ही मागणी दुप्पट होते. म्हणजे ७२ जीबीचा टप्पा पडला की १४४ जीबीचे मशीन मागितले जाते. त्यावर 'रिसोर्स लिमिट्स' या निर्देशाने कमाल मर्यादा घालावी, नेक्स्टफ्लोच्या २४.०४ आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे, आणि आपल्या कामाला १६ सीपीयू व १२८ जीबी ही मर्यादा पुरते. पहिल्या रनमध्ये यापलीकडे काही कमीजास्त करू नये. मानवी जीनोमवर स्टारला ॲलाइनमेंटसाठी ७२ जीबी सहसा लागत नाही, पण ती किती कमी करायची हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा पहिल्या रनच्या नोंदीवरून ठरवावे. एखाद्या टप्प्याला नाव घेऊन वेगळी मेमरी दिली आणि ते नाव टंकताना चुकले, तर नेक्स्टफ्लो फक्त एक इशारा छापते आणि जुन्याच मूल्याने पुढे जाते. म्हणून सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या इशाऱ्यांच्या ओळी वाचाव्यात.

मग येते स्पॉट मशीन. गूगलकडे त्या क्षणी मोकळी असलेली ही मशीन नेहमीच्या दरापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, मात्र गरज पडताच ती जेमतेम ३० सेकंदांच्या पूर्वसूचनेने काढून घेतली जातात. तसे झाले की त्या टप्प्याचा निर्गम-क्रमांक (काम कसे संपले ते सांगणारा आकडा) ५०००१ येतो. येथेच एक खाच आहे. एनएफ-कोअरची पाइपलाइन १३० ते १४५ आणि १०४ यांसारख्या ठरावीक क्रमांकांनाच पुन्हा प्रयत्न करते. ५०००१ त्यांत नाही. परिणामी फक्त स्पॉट चालू करून निर्धास्त बसलेल्या माणसाचा रन पहिलेच मशीन काढून घेतले जाताच आवरता घेतला जातो. उपाय दोन स्तरांवर करावा. 'गूगल बॅच'च्या उपगटात 'मॅक्स स्पॉट अटेम्प्ट्स' ही संख्या ३ करावी, कारण अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुळात शून्य असते. त्याशिवाय 'एरर स्ट्रॅटेजी'च्या यादीत ५०००१ जोडून 'मॅक्स रीट्राइज' २ करावे. दोन्हींत पहिल्याला प्राधान्य का, तेही समजून घ्यावे: पहिला उपाय बॅच सेवेच्या आतच तेच काम तेवढ्याच मेमरीने पुन्हा चालवतो, तर दुसऱ्यात नेक्स्टफ्लो तो नवा प्रयत्न मोजते आणि मेमरी कमी पडलेली नसतानाही दुप्पट मेमरीचे मशीन मागते. अनुक्रमणिका बांधणारा पहिला रन मात्र मी स्पॉट बंद ठेवूनच करते. तो टप्पा लांब असतो आणि मध्ये तुटला की आरंभापासून करावा लागतो.

डिस्कचाही एक शब्द. 'डिव्हाइसवर जागा उरली नाही' हा संदेश मेमरीशी संबंधित नसतो. जड टप्प्यांना 'डिस्क' निर्देशाने २०० जीबीसारखी ठळक जागा द्यावी आणि मोठे कंटेनर (टप्प्याला लागणारे सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली डॉकरची पाकिटे) मावावेत म्हणून बूट डिस्कही थोडी वाढवावी.

चौथी फाइल: सुरू करणारी स्क्रिप्ट

आज्ञा पडद्यावर टंकून रन सुरू करण्याची सवय सोडावी. ती स्क्रिप्टमध्ये लिहिली, की सहा महिन्यांनी शोधनिबंधाचे परीक्षक प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर तयार असते. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नेक्स्टफ्लोची आवृत्ती ठरवणारे पर्यावरण-चल असावे. पुढच्या ओळीत 'नेक्स्टफ्लो रन', पाइपलाइनचे नाव, '-आर' पर्यायाने तिची नेमकी आवृत्ती, उदाहरणार्थ ३.१८.०, मग प्रोफाइल म्हणून 'डॉकर', '-पॅरम्स-फाइल'ने दुसरी फाइल आणि '-सी'ने तिसरी. आवृत्ती न लिहिता चालवलेला रन पुढच्या वर्षी तसाच पुन्हा करता येईल याची कोणतीही खात्री नसते.

डॅश किती, याला येथे अर्थ आहे. नेक्स्टफ्लोच्या स्वतःच्या पर्यायांना एक डॅश लागतो आणि पाइपलाइनच्या पॅरामीटरना दोन. '-रिझ्यूम'ला चुकून दोन डॅश दिले, तर नेक्स्टफ्लो तो आपला पर्याय मानतच नाही आणि रन पुन्हा पहिल्यापासून धावू लागतो. प्रोफाइल एकाहून अधिक असतील, तर त्यांच्यामध्ये फक्त स्वल्पविराम द्यावा, मोकळी जागा सोडू नये.

शेवटी '-विथ-रिपोर्ट', '-विथ-ट्रेस' आणि '-विथ-टाइमलाइन' हे तीन पर्याय जोडावेत. पुढच्या रनची बचत याच नोंदींतून होते.

आधी चाचणी, मग खरा रन

हीच स्क्रिप्ट प्रथम 'टेस्ट,डॉकर' या प्रोफाइलने आणि पॅरामीटर फाइल वगळून चालवावी. निकालाचा पत्ता तेवढा आज्ञेत दोन डॅशने द्यावा. या प्रोफाइलमध्ये यीस्टचा अगदी लहान डेटा असतो आणि तो इंटरनेटवरून आपोआप येतो. परवानग्या बरोबर आहेत का, बकेटमध्ये लिहिता येते का, कंटेनर उतरतात का, हे सगळे तेवढ्यावरून कळते. शितावरून भाताची परीक्षा येथे अर्धीच होते हे मात्र लक्षात असू द्यावे: यीस्टचा जीनोम जेमतेम एक कोटी वीस लाख अक्षरांचा, मानवाचा तीन अब्जांहून मोठा, त्यामुळे मेमरी आणि डिस्क पुरेल की नाही याबद्दल ही चाचणी काहीच सांगत नाही. म्हणून दुसरी चाचणी करावी. आठांपैकी फक्त एसआरआर१०३९५०८ आणि ५०९ ही जोडी यादीत ठेवून मानवी जीनोमसह पूर्ण रन करावा. याच रनमध्ये अनुक्रमणिका बांधून होते. ट्रेसच्या तक्त्यातील 'पीक आरएसएस' हा रकाना प्रत्येक टप्प्याने प्रत्यक्षात किती मेमरी खाल्ली ते दाखवतो; त्यावर साधारण एक चतुर्थांश जास्तीची मुभा ठेवून कॉन्फिगमधली ॲलाइनमेंटची मेमरी बेतावी, स्पॉट चालू करावे, यादीत आठही ओळी घालाव्यात, पॅरामीटर फाइलमध्ये अनुक्रमणिकेचा पत्ता टाकावा आणि मग खरा रन सोडावा.

रन अडला तर

प्रत्येक टप्प्याला कामाच्या बकेटमध्ये लांबलचक खुणेचा स्वतःचा फोल्डर मिळतो. त्रुटीच्या संदेशात त्याचा पत्ता छापलेला असतो. तेथे प्रत्यक्ष चाललेली आज्ञा, तिचे लॉग, त्रुटींचा प्रवाह आणि निर्गम-क्रमांक अशा वेगवेगळ्या फायली असतात. त्यांची नावे बिंदूने सुरू होतात. आधी क्रमांक पाहावा. १३७ असेल तर बहुधा मेमरी कमी पडून प्रक्रिया मारली गेली. १२७ म्हणजे आज्ञाच सापडली नाही, आणि मग कंटेनरकडे पाहावे. १ असेल तर त्रुटींची फाइल शेवटाकडून वर वाचावी, कारण खरे कारण बहुधा शेवटच्या दहा-पंधरा ओळींत असते. त्या फोल्डरात क्रमांकाची फाइलच नसेल, तर काम मशीनवर नीट सुरूच झालेले नसते किंवा मशीन मध्येच नाहीसे झालेले असते. अशा वेळी गूगल क्लाउडच्या बॅच पानावर त्या जॉबच्या घटना पाहाव्यात, तेथे कोटा किंवा परवानगीचे कारण स्पष्ट लिहिलेले सापडते.

दुरुस्ती करून तीच स्क्रिप्ट '-रिझ्यूम'सह चालवावी. मेमरी किंवा वेळेची मर्यादा बदलल्याने पूर्ण झालेले टप्पे पुन्हा होत नाहीत, त्यामुळे ती निर्धास्तपणे वाढवावी. इनपुट फायलींना मात्र हात लावू नये. नेक्स्टफ्लो फाइलचा पत्ता, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहून ओळख ठरवते. तीच फास्टक्यू पुन्हा चढवली तरी वेळ बदलते आणि त्या नमुन्याचे सारे काम नव्याने सुरू होते. रन थांबवायचा असेल तर कंट्रोल-सी एकदाच दाबून वाट पाहावी, म्हणजे पाठवलेली कामेही रद्द होतात. त्यानंतर बॅचच्या पानावर काही चालू राहिले नाही ना, ते डोळ्यांनी पाहावे.

निकाल तपासणे आणि आवरणे

रन यशस्वी झाल्याचा हिरवा संदेश म्हणजे प्रत्येक टप्पा शून्य क्रमांकाने संपला, एवढेच. प्रथम सर्व नमुन्यांची गुणवत्ता एकत्र दाखवणारा मल्टीक्यूसीचा अहवाल उघडावा: आठही नमुने आहेत का, ॲलाइन झालेल्या रीडचे प्रमाण सगळ्यांत सारखे आहे का, स्ट्रँडचा अंदाज आठही ठिकाणी 'अनस्ट्रँडेड' आला आहे का. मग सामनचा एकत्रित जनुक-तक्ता उघडून रकाने मोजावेत आणि एफकेबीपी५ची ओळ काढावी. प्रत्येक जोडीत औषध दिलेल्या नमुन्याचा आकडा, म्हणजे ५०९, ५१३, ५१७ आणि ५२१ यांचा, आपल्या जोडीदारापेक्षा स्पष्टपणे मोठा असला पाहिजे. क्रिस्प्लडी२ आणि डीयूएसपी१ यांचेही तसेच. एखाद्याच जोडीत उलटे दिसले, तर नमुन्यांच्या यादीत अदलाबदल झाली आहे असे समजून तेथूनच शोध सुरू करावा. हे जुळले, की या चार फायलींतल्या फक्त यादी आणि पॅरामीटर बदलून स्वतःचे नमुने चालवायला हरकत नाही.

संस्थेत स्लर्म या कामे वाटून देणाऱ्या प्रणालीवर चालणारा महासंगणक उपलब्ध असेल, उदाहरणार्थ पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म, तर याच पाइपलाइनची हीच आवृत्ती तेथेही चालते. एक्झिक्युटर 'स्लर्म' करायचा, डॉकरऐवजी सिंग्युलॅरिटी ही दुसरी कंटेनर प्रणाली घ्यायची आणि पत्ते स्थानिक डिस्कचे द्यायचे. बदल तिसऱ्या फाइलमध्ये, चौथीतल्या प्रोफाइलच्या नावात आणि पत्त्यांत तेवढे होतात.

आता आवरण्याचे काम उरते. निकालांपैकी तक्ते, मल्टीक्यूसीचा अहवाल आणि चारही फायली प्रयोगशाळेतल्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. बॅम फायली (ॲलाइन झालेले रीड) उतरवू नयेत, कारण क्लाउडबाहेर नेलेल्या प्रत्येक जीबीचे पैसे लागतात आणि त्या पुन्हा बनवता येतात. पुढे '-रिझ्यूम' लागणार नाही याची खात्री झाली, की १४ दिवसांच्या नियमाची वाट न पाहता काम बकेट रिकामी करावी. सूत्रधार मशीन बंद केले तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालू राहते, म्हणून लपलेली नोंद आणि चार फायली सुरक्षित ठेवून ते पुसूनच टाकावे. दोन दिवसांनी बिलिंगचे पान लेबलनुसार उघडून पाहावे. निकाल बकेटमधल्या अनुक्रमणिकेचे आणि फास्टक्यूचे भाडे सोडून तेथे नवा आकडा वाढताना दिसला, तर काहीतरी अजून चालू राहिले आहे.